गॅस नंतर, आधी नळी

एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी टपकायला लागलं की घरातलं निदान तयारच असतं: गॅस कमी झाला. मेकॅनिक येतो, बाहेरच्या युनिटला गेज लावतो, थोडा गॅस मारतो, पैसे घेतो. आणि चार दिवसांनी भिंतीवरचा ओघळ पुन्हा ओला होतो. मग दुसरा मेकॅनिक, पुन्हा गॅस. या धावपळीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. एसी उत्तम चालत असतो तेव्हा तो भरपूर पाणी तयार करतच असतो. खोलीत पडणारं पाणी बहुतेक वेळा तेच रोजचं पाणी असतं. एरवी ते नळीतून मुकाट्याने बाहेर जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही. त्यामुळे गळणाऱ्या एसीची तपासणी पाण्याच्या वाटेपासून सुरू व्हायला हवी आणि गॅसपर्यंत ती अगदी शेवटी पोचायला हवी. क्रम उलटा लागला की खर्च होतो आणि गळती तशीच राहते.

हे पाणी किती असतं, ते आधी पाहू, कारण त्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. जुलैतल्या मुंबईत तापमान 29 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हीच हवा 25 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेवर आणली की तिच्यात 13 ग्रॅमच्या आसपास उरतं. मधले 11 ग्रॅम कुठे गेले? ते एसीच्या थंड कॉइलवर थेंब होऊन जमले. कॉइलचा पृष्ठभाग साधारण 8 ते 12 अंशांवर असतो आणि मुंबईच्या पावसाळी हवेतली वाफ 26 अंशांनाच पाणी होऊ लागते, तेव्हा तिथे पाणी जमलं नाही तरच नवल. दुसऱ्या बाजूनेही हिशेब करता येतो. एक टनाचा एसी म्हणजे सुमारे 3.5 किलोवॉट दराने उष्णता बाहेर काढणारं यंत्र. (टन हा शब्द बर्फावरून आला: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी क्षमता. यंत्राच्या वजनाशी त्याचा काही संबंध नाही.) दमट हवेत या क्षमतेतला तीस टक्के भाग वाफेचं पाणी करण्यातच खर्च होतो असं धरू. एक किलो वाफ पाणी होताना सुमारे 2,450 किलोज्यूल उष्णता सोडते. गणित मांडलं तर तासाला दीड लिटर पाणी निघतं. रात्रभर, म्हणजे आठ तासांत, बारा लिटर. दीड टनाच्या एसीला हाच आकडा अठरा लिटरवर जातो, म्हणजे भरलेली बादली.

एवढं पाणी हा एसीचा दोष म्हणता येत नाही. किंबहुना या यंत्राचा जन्मच त्यासाठी झाला. 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने त्यावर जी यंत्रणा आखली, तिचं उद्दिष्ट हवेतली आर्द्रता ठरावीक पातळीवर ठेवणं हे होतं. माणसांना गार वाटावं हा विचार नंतरचा. आजही कोकणपट्टीत एसीमुळे जो आराम वाटतो, त्यातला मोठा वाटा तापमान उतरल्याचा नसून हवा कोरडी झाल्याचा असतो.

हवामानाचा हा भाग लक्षात घेतला की एक नेहमीचं कोडंही सुटतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर असताना एसी दिवसरात्र चालतो आणि एक थेंबही गळत नाही. जूनच्या शेवटी पाऊस येतो, एसीचा वापर निम्म्यावर येतो आणि नेमका तेव्हाच तो टपकू लागतो. घरच्यांना वाटतं, उन्हाळ्यात फार राबवला म्हणून बिघडला. पण 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे दहा ग्रॅमहून कमी पाणी असतं आणि ते जमायला लागतं साधारण बारा अंशांवर. कॉइल जेमतेम तेवढीच थंड असते, म्हणून पाणी नाममात्र निघतं. नळी मार्चपासून तुंबलेली असली तरी तिची परीक्षा पाहणारं पाणीच उन्हाळ्यात नसतं. पावसाळ्याची दमट हवा आली की ते दहापट होतं आणि जुना अडथळा उघडा पडतो. मुंबई, रत्नागिरी, पणजीत असा कोरडा काळ जवळपास नसतोच, त्यामुळे तिथे तुंबलेली नळी फार दिवस लपून राहत नाही. गॅस कमी होण्याला पावसाळ्याचं असं वेळापत्रक नसतं. गळतीला ते असेल, तर संशयाचा रोख पाण्याच्या वाटेकडे वळायला हवा.

आता ती वाट. स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये कॉइल उलट्या ‘व्ही’सारखी दुमडलेली असते. पाण्याचा पातळ थर अॅल्युमिनियमच्या पात्यांवरून खाली घसरतो आणि पुढच्या-मागच्या अरुंद पन्हाळीत, म्हणजे ट्रेमध्ये, पडतो. कौलारू घराच्या वळचणीला लावलेल्या पन्हळीसारखंच तिचं काम असतं, आणि आगोटीआधी पालापाचोळा काढला नाही तर पन्हळ जशी मधूनच सांडते, तशीच तीही सांडते. इथला पाचोळा म्हणजे हवेतली धूळ, कपड्यांचे तंतू, स्वयंपाकघरातल्या तेलाची वाफ. फिल्टर यातलं मोठं ते अडवतो, बारीक ते सोडतो. सोडलेलं सगळं ओल्या कॉइलला चिकटतं, पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरतं आणि तिथे अंधार, ओल आणि खाद्य असा तिहेरी योग जुळून येतो. जिवाणू आणि बुरशी मिळून एक चिकट, पांढुरका किंवा करडा थर तयार करतात. मेकॅनिक त्याला जेली म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. हा थर ट्रेच्या तोंडाशी किंवा नळीच्या पहिल्या वळणाशी अडकला की पुढचं सगळं पाणी ट्रेच्या काठावरून खोलीत येतं. यात कॉम्प्रेसर, गॅस, पीसीबी या महागड्या गोष्टींचा कुठेच संबंध नसतो. तीन-चार चमचे जेली काढली की काम झालं.

ट्रे स्वच्छ असूनही पाणी न जाण्याचं दुसरं कारण उताराचं. या नळीत पंप नसतो; पाणी निव्वळ गुरुत्वाकर्षणाने जातं. म्हणून नळीला सगळीकडे उतार हवा, दर मीटरला किमान एक सेंटिमीटर. प्रत्यक्षात काय होतं? बाल्कनीच्या कठड्यावरून नेताना नळी मध्येच वर चढते. दोन क्लिपांच्या मधला भाग उन्हाने मऊ होऊन लोंबतो आणि त्या झोळात पाणी कायमचं साचतं. पाणी खिडकीतून खालच्या मजल्यावरच्या पत्र्यावर टपटपतं अशी तक्रार आली की लोक नळीचं टोक बादलीत किंवा पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडतात. बादलीत पाणी चढलं की टोक बुडतं, नळीतली हवा बाहेर पडू शकत नाही आणि पाणी आतच अडून राहतं. बादली भरून ओसंडली तर निदान कळतं तरी, पण टोक बुडाल्याने होणारी गळती बादली अर्धी असतानाच सुरू होते, म्हणून बादलीवर कुणाचा संशय जात नाही. टोक पाण्याच्या पातळीपासून चार बोटं वर राहील असं बांधावं. उघड्या टोकातून मुंग्या, झुरळं आत जातात, गांधीलमाश्या घरटी करतात, त्यासाठी जाळीचा तुकडा पुरतो. पण जाळी फार बारीक घेतली तर तीच जेलीने बंद होते.

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत बिल्डरच भिंतीतून एसीची नळी आधीच घालून ठेवतात आणि ती बाथरूममध्ये किंवा डक्टमध्ये सोडतात. दिसायला छान. पण ही नळी टाकणारा प्लंबर आणि पुढे वर्षभराने एसी बसवणारा मेकॅनिक एकमेकांना कधीच भेटत नाहीत. मधल्या काळात तिच्यात सिमेंटचं पाणी, पीओपीचा भुगा, टाइलचे तुकडे काय काय जातं. उतार बरोबर आहे की नाही हे प्लास्टर झाल्यावर कुणाला दिसत नाही. एसी बसवण्याआधी या नळीत लिटरभर पाणी एका दमात ओतून ते पलीकडे तेवढ्याच वेगाने येतं का हे पाहण्याला दोन मिनिटं लागतात. ही तपासणी करून न घेता नवा एसी लावणं हा सरळ निष्काळजीपणा आहे. फर्निचर झाल्यावर, वॉलपेपर लागल्यावर हा दोष सापडला तर उपाय एकच उरतो: भिंत फोडणं, नाहीतर बाहेरून दुसरी नळी काढणं.

युनिटची पातळीही याच हिशेबात येते. मागची पत्र्याची प्लेट भिंतीला चार-सहा स्क्रूंनी धरलेली असते. जुन्या भिंतीत ते सैल होतात आणि युनिट एका बाजूला किंचित झुकतं. ते नळीच्या बाजूला झुकलं तर उत्तमच. उलट बाजूला झुकलं तर ट्रेमधलं पाणी नळीकडे जाण्याऐवजी बंद टोकाशी साचतं आणि तिथून सांडतं. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं अॅप युनिटच्या वरच्या कडेला टेकवलं तर हे कळतं. विंडो एसीचं तत्त्व वेगळं आहे: तो मागे, बाहेरच्या बाजूला थोडा कललेला असायला हवा. त्याच्या तळात पाणी साचणं बऱ्याच मॉडेलांत मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण मागच्या पंख्याचं कडं ते पाणी उडवून गरम कॉइलवर फेकतं आणि कॉइल थोडी गार होते. त्यातून येणारा खळखळ आवाज ऐकून तळाला भोक पाडण्याची घाई करू नये.

इथपर्यंत ट्रेपर्यंत पोचलेल्या पाण्याबद्दल झालं. काही पाणी ट्रेपर्यंत पोचतच नाही, आणि हा प्रकार जास्त फसवा असतो. फिल्टर महिनोन्महिने धुतला नाही, की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. खोलीची उष्णता कॉइलपर्यंत पोचत नाही, त्यामुळे आतल्या गॅसचं तापमान आणखी खाली उतरतं, शून्याच्या खाली जातं, आणि पात्यांवरचं पाणी गोठायला लागतं. बर्फ झाला की हवेची वाट आणखी अरुंद होते, त्याने आणखी बर्फ. पहाटे एसी बंद केला की चार-पाच तास जमलेलं पाणी अर्ध्या तासात वितळून येतं. शिवाय बर्फ ट्रेच्या काठाबाहेर वाढलेला असतो, तेव्हा थेंब ट्रेमध्ये न पडता सरळ पलंगावर पडतात. अशा वेळी नळी कितीही स्वच्छ असली तरी उपयोग नसतो. रिमोटवर 16 किंवा 18 लावून झोपायची सवय याला हातभार लावते. खोली तितक्या थंडीला पोचतच नाही, कॉम्प्रेसर रात्रभर थांबत नाही आणि बर्फाला वितळायला उसंत मिळत नाही. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेल्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान 24 अंश ठेवणं बंधनकारक केलं, ते वीज वाचावी म्हणून. पण कॉइल गोठण्याचा धोकाही त्याने कमी होतो.

कॉइल स्वच्छ दिसते पण मागचा लांब दंडगोल ब्लोअर मळलेला आहे, असंही होतं. त्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला की तो ओलावा धरतो आणि वाऱ्याबरोबर थेंब खोलीत उडवतो. दार-खिडक्या उघड्या ठेवून एसी चालवला तर बाहेरची दमट हवा थेट थंड झडपांवर येऊन तिथेच थेंब धरते. पाइप भिंतीतून बाहेर जातात ते भोक बुजवलेलं नसेल तरी हेच होतं, आणि मुसळधार पावसात तर पाइपांवरून ओघळत आलेलं पावसाचं पाणी त्याच भोकातून घरात येतं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला हवं होतं, ते सरळ पाडलेलं असतं. दोष मात्र एसीच्या माथी. तांब्याच्या पाइपांवरचं काळं इन्सुलेशन उन्हाने तडकलं की उघड्या पाइपाला घाम फुटतो आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतो, युनिटपासून पार सहा फूट लांब.

आता मुख्य आक्षेप. गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो आणि पाणी पडतं, हे कुठल्याही मेकॅनिकला माहीत असतं; मग त्याने गॅसवर संशय घेतला तर चुकलं कुठे? शास्त्र बरोबर आहे. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, दाब उतरला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो, आणि कॉइलचा सुरुवातीचा भाग शून्याखाली जाऊन तिथे बर्फ धरतो. उरलेली कॉइल कोमट राहते, तिच्यातून सुटलेली दमट हवा थंड ब्लोअरवर पाणी सोडते. पण या दोन्ही प्रकारांत खोली नीट गार होत नाही. गॅस कमी असताना गळती ही एकटी येत नाही. थंडावा घटणं आणि बर्फ, यांपैकी काहीतरी तिच्यासोबत असतंच. थंडावा पूर्वीसारखा आहे, बर्फाचा मागमूस नाही आणि तरी पाणी पडतंय, अशा एसीच्या गॅसवर संशय घ्यायला जागा उरत नाही. आणि बर्फ दिसला तरी आधी फिल्टर धुवावा, कॉइल साफ करावी, मग पुन्हा पाहावं. हवा नीट मिळाल्यावरही बर्फ धरत असेल तर गॅसचा नंबर येतो. सर्वांत स्वस्त शक्यता आधी तपासावी, हा साधा व्यवहार आहे.

गॅस दरवर्षी थोडा कमी होतच असतो, तो भरावा लागतो, ही समजूतही या गोंधळाच्या मुळाशी आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो, द्रव होतो, पुन्हा वायू होतो. घरातल्या फ्रिजचं तत्त्व हेच, आणि पंधरा-पंधरा वर्षं चालणाऱ्या फ्रिजमध्ये कुणी दर उन्हाळ्यात गॅस भरत नाही. फ्रिज कारखान्यात सीलबंद होऊन येतो, स्प्लिट एसीचे जोड मात्र आपल्या घरी, शिडीवर उभं राहून केले जातात, असं यावर म्हणता येईल, आणि ते खरं आहे. फ्लेअर करून नटाने आवळलेला जोड नीट झाला नसेल तर तिथून गॅस जातो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने, गटार-नाल्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने तांब्याची कॉइल पोखरली जाते, तिला सुईच्या अग्राएवढी छिद्रं पडतात, हेही खरं. पण या सगळ्याचा अर्थ एवढाच होतो की गॅस कमी असेल तर कुठेतरी छिद्र आहे. ते न शोधता वरून गॅस मारणं म्हणजे पुढच्या भेटीची सोय करून ठेवणं. आर-32 या हल्लीच्या प्रचलित गॅसची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 675 पट धरली जाते, आर-410एची दोन हजार पटींहून जास्त. छिद्र असलेल्या यंत्रात तो भरणं हवेत सोडण्यासारखंच आहे. गॅस भरण्याची रीतसर पद्धत अशी: साबणाच्या पाण्याने किंवा नायट्रोजनच्या दाबाने जोड तपासणं, छिद्र बुजवणं, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढून टाकणं, आणि मग बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून तेवढाच गॅस सोडणं. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, म्हणून नुसत्या गेजच्या काट्यावर विसंबून अंदाज करणं आणखीच बेभरवशाचं ठरतं.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: सर्व्हिसिंग करून घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून गळायला लागलं, मग साफसफाईने काय साधतं? हा अनुभव खोटा नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जेट पंपाने कॉइल धुतली की वर्षभराचा मळ सुटून ट्रेमध्ये येतो. तो बाहेर काढला नाही, नळी वेगळी धुतली नाही, तर तोच मळ नळीत जाऊन बूच बनतो. ट्रे काढून परत बसवताना नळीचं तोंड पुरतं बसलं नाही तरी तेच होतं. म्हणजे अर्धवट सफाईने घाण जागची हलते, बाहेर पडत नाही. सर्व्हिसिंग संपताना मेकॅनिकला ट्रेमध्ये लोटाभर पाणी ओतून बाहेरच्या टोकाला धार दाखवायला सांगावं. ती धार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरच्या घरी करण्यासारखं काम मर्यादित आहे, पण कमी नाही. खटका बंद करून फिल्टर काढून साध्या पाण्याने धुणं, सावलीत वाळवणं. दमट शहरांत मोसमात दर पंधरा दिवसांनी. कॉइलवर बर्फ असेल तर कॉम्प्रेसर बंद ठेवून नुसता पंखा दोन-तीन तास चालवावा. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडण्याचा मोह मात्र आवरा, कारण पात्यांच्या आतली तांब्याची नळी पातळ असते आणि तिला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल. नळीचं बाहेरचं टोक गॅलरीतून सुरक्षितपणे हाती येत असेल, तर पाणी ओढता येणारा व्हॅक्यूम क्लीनर त्याला लावून, फटी ओल्या फडक्याने बंद करून मिनिटभर ओढलं की जेली बहुधा बाहेर येते. बाहेरून फुंकर मारण्यापेक्षा ओढणं बरं, कारण आतली घाण खोलीकडे ढकलली जात नाही. नंतर ट्रेमध्ये कोमट साबणाचं पाणी हळूहळू ओतावं. ब्लीच टाळावं, त्याने धातू गंजतो. आणि ब्लीचबरोबर टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल तर कधीच ओतू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. पाणी ओतताना युनिटच्या ज्या बाजूला वायरिंग आणि पीसीबी असतं (बहुतेक मॉडेलांत उजवी बाजू), तिथे थेंबही जाऊ देऊ नये. टोक छज्ज्याबाहेर असेल, खिडकीतून वाकावं लागत असेल, तर हे काम आपलं नाही. एक-दोन लिटर पाण्यासाठी चौथ्या मजल्यावर लोंबकळण्यात शहाणपण नाही.

निघणारं पाणी वाया जातं याची खंत करणाऱ्यांसाठी एक खुलासा. ते वाफेपासून बनलेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात; फरशी पुसायला, गॅलरी धुवायला, कुंड्यांना ते चालतं. पण ते कॉइलवरची धूळ, जिवाणू आणि धातूचे कण घेऊन आलेलं असतं, तेव्हा पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नाही. बॅटरीला लागणारं शुद्ध पाणी ही वेगळी गोष्ट आहे.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळं समजून घेण्याची सामान्य माणसाला गरजच काय, मेकॅनिक आहेत ना? मेकॅनिक लागतातच, आणि चांगला मेकॅनिक हे सगळं जाणतोही. अडचण अशी की तो दुपारी वीस मिनिटांसाठी येतो आणि गळती पहाटे चारला होते. पाणी केव्हा पडतं आणि कुठून पडतं, ही निदानाची दोन मोठी साधनं घरच्यांच्याच हातात असतात. एसी सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या काठावरून एकाच बाजूने थेंब पडत असतील, तर नळी किंवा पातळी. बंद केल्यावर एकदम पाणी आलं तर बर्फ. युनिटच्या मागून भिंतीवर ओघळ येत असेल तर मागची पन्हाळ, नळीचा सांधा किंवा पाइपांचं इन्सुलेशन. वाऱ्याबरोबर बारीक तुषार येत असतील तर ब्लोअर आणि कॉइलची सफाई. एसी बंद असताना, जोराचा पाऊस पडत असताना पाणी आलं, तर ते एसीचं नाहीच. भिंतीचं भोक बुजवणारा गवंडी बोलवावा. या खुणा पक्का निकाल देत नाहीत, दोन कारणं एकत्रही असू शकतात, पण तपास कुठून सुरू करायचा हे त्या निश्चित सांगतात.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर ‘एसी गळतोय’ एवढंच सांगून थांबू नका. किती वेळाने गळतो, कोणत्या बाजूने, थंडावा नेहमीसारखा आहे का, बर्फ दिसला का, फिल्टर शेवटचा कधी धुतला, हे सांगा. आणि आलेला माणूस पिशवीतून थेट गॅसचं सिलिंडर काढू लागला, तर त्याला आधी ट्रेमध्ये लोटाभर पाणी ओतून दाखवायला सांगा. तरीही गॅसच लागणार असं तो म्हणाला, तर गळका जोड कुठे आहे आणि वजनकाटा आणलाय का, हे दोन प्रश्न विचारा.